‘नॅनी’, ‘चाइल्डमाइंडर’ की ‘बेबीसिटर’? मुलं सांभाळण्याच्या कामातलं इंग्रजी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाची बालसंगोपनाचा कोर्स पूर्ण करून इंग्रजी बोलणाऱ्या कुटुंबात मुलं सांभाळायला जाणार आहे. शाळेतलं इंग्रजी बरं आहे, पण फोनवरच्या मुलाखतीत ‘हॅव यू हॅड सोल चार्ज?’ असं विचारलं आणि ती गप्प झाली. आता तिने कुठले शब्द पाठ करावेत?

मी हे काम इंग्रजी बोलणाऱ्या घरांत बरीच वर्षं केलं आणि पुढे या कामाला निघालेल्या मुलींना त्यासाठीची भाषा शिकवत आले. माझं पहिलं सांगणं असं की याद्या पाठ करू नयेत. बॉटल, बाथ, टॉय, मिल्क हे तिला येतंच. अडतं ते संध्याकाळी, आई किंवा बाबा कामावरून परत आल्यावर दिवसभरात मुलाचं काय झालं हे नेमकं सांगायची वेळ येते तेव्हा. त्या दोन-पाच मिनिटांना ‘हँडओव्हर’ म्हणतात. आई-बाबांनी तो दिवस पाहिलेला नसतो, तो त्यांना तिच्या बोलण्यातूनच कळणार असतो. रात्री औषध द्यायचं की नाही, लवकर झोपवायचं की नाही, डॉक्टरला फोन करायचा की नाही हे सगळं ते त्यावर ठरवतात. म्हणून शब्द जमवायचे ते हँडओव्हर डोळ्यांपुढे ठेवून.

आधी त्या ‘सोल चार्ज’विषयी. दुसरं कोणी मोठं माणूस घरात नसताना मुलाची संपूर्ण जबाबदारी एकटीवर असणं म्हणजे सोल चार्ज. आई शेजारच्या खोलीत बसून ऑफिसचं काम करत असेल तर तो सोल चार्ज नव्हे. भाचीने नात्यातलं दोन वर्षांचं मूल दिवसदिवस एकटीने सांभाळलं असेल तर तिने बिनदिक्कत ‘येस, आय हॅड सोल चार्ज ऑफ अ टू-यर-ओल्ड’ असं सांगावं. पगारी कामाचाच अनुभव धरतात असं नाही, पण कुणाचं मूल होतं हेही प्रामाणिकपणे सांगावं.

कामाच्या नावांत जबाबदारी दडलेली असते, म्हणून ती नीट कळली पाहिजेत. बेबीसिटर म्हणजे आई-बाबा बाहेर गेले असताना काही तासांपुरती येणारी व्यक्ती, बहुतेक वेळा संध्याकाळची. नॅनी ही मुलाच्या घरी येऊन किंवा तिथेच राहून नियमित काम करते, तिला ठरलेला पगार आणि ठरलेले तास असतात. राहून करायचं काम ‘लिव्ह-इन’, येऊन-जाऊन करायचं ते ‘लिव्ह-आउट’, आणि दोन कुटुंबांनी मिळून एकच नॅनी ठेवली तर ते ‘नॅनी शेअर’. चाइल्डमाइंडर हा खास ब्रिटनमधला शब्द आहे. ती स्वतःच्या घरी इतरांची मुलं सांभाळते, आणि इंग्लंडमध्ये पैसे घेऊन दिवसाला २ तासांहून जास्त वेळ ८ वर्षांखालची मुलं अशी सांभाळायची असतील तर ऑफस्टेड या सरकारी तपासणी संस्थेकडे किंवा चाइल्डमाइंडर एजन्सीकडे नोंदणी करावी लागते. त्यामुळे नोंदणी नसताना ‘आय वॉज अ चाइल्डमाइंडर’ असं अर्जात लिहिणं बरं नव्हे. अमेरिकेत याच कामाला होम डेकेअर किंवा फॅमिली चाइल्ड केअर म्हणतात.

ओ पेअर हा शब्द फ्रेंचमधून आला. त्याचा मूळ अर्थ ‘बरोबरीने’, म्हणजे नोकर म्हणून नव्हे तर घरातल्यासारखं राहून, थोडं मुलांचं बघून भाषा आणि संस्कृती शिकायची. यासाठी १९६९ साली स्ट्रासबर्गला युरोपीय करारही झाला. अमेरिकेच्या ओ पेअर व्हिसावर वय १८ ते २६ लागतं, आणि काम दिवसाला १० व आठवड्याला ४५ तासांच्या वर घेता येत नाही. हे आकडे भाचीला तोंडपाठ असावेत. ओ पेअर म्हणून बोलावून पूर्ण वेळ नॅनीचं काम करून घेणारी घरं असतात.

तीन नावं फसवी आहेत. ‘मॅटर्निटी नर्स’ आणि ‘नर्सरी नर्स’ यांत नर्स असलं तरी त्या दवाखान्यातल्या परिचारिका असतातच असं नाही. पहिली बाळंतपणानंतरचे काही आठवडे नवजात बाळाचं बघते, दुसरी पाळणाघर किंवा बालवाडीत शिकवते-सांभाळते. आणि ब्रिटनच्या काही भागांत मुलं आजीला ‘नॅनी’ म्हणतात, तेव्हा ‘नॅनी इज पिकिंग हिम अप टुडे’ असा निरोप आला तर तो कोणत्या नॅनीविषयी आहे हे विचारून घ्यायचं.

आपल्याकडच्या मुली बायोडेटात हमखास ‘केअरटेकर’ लिहितात. ते काढून टाकायला सांगा. ब्रिटनमध्ये केअरटेकर म्हणजे शाळेची किंवा इमारतीची देखभाल करणारा माणूस. ‘केअरर’ हा शब्द तिथे प्रामुख्याने आजारी, वृद्ध किंवा अपंग व्यक्तीची काळजी घेणाऱ्यासाठी चालतो. आपला ‘आया’ शब्द पोर्तुगीज ‘आइया’वरून आलेला असून इंग्रजी शब्दकोशातही आहे, पण त्याला साहेबाच्या घरच्या नोकरीचा वास आहे, तोही नको. ‘नॅनी’ किंवा ‘चाइल्डकेअर वर्कर’ लिहावं.

मराठीत आपण सगळ्यालाच ‘सांभाळणं’ म्हणतो आणि ते छान चालतं. इंग्रजीत त्याच्या जागी प्रसंगाप्रमाणे वेगळं क्रियापद येतं. रोजच्या कामासाठी ‘लुक आफ्टर’ किंवा ‘टेक केअर ऑफ’. पाच मिनिटं लक्ष ठेवायचं असेल तर ‘कीप ॲन आय ऑन’. अमेरिकेत थोडा वेळ सांभाळण्याला ‘वॉच’ म्हणतात, ‘कॅन यू वॉच द किड्स?’, आणि त्याचा अर्थ नुसतं बघत बसणं असा नसतो. ‘ब्रिंग अप’ आणि ‘रेझ’ हे लहानाचं मोठं करण्यासाठी, ते आई-बाप करतात. ‘आय ब्रॉट अप टू चिल्ड्रन’ म्हटलं की ऐकणारा ती तिचीच मुलं समजतो. ‘हँडल’ तर टाळावंच. ‘आय कॅन हँडल चिल्ड्रन’ हे वाक्य कुटुंबाच्या कानाला मूल म्हणजे एखादी कटकट असल्यासारखं लागतं. ‘आय एन्जॉय लुकिंग आफ्टर टॉडलर्स’ म्हटलं तर ते आपल्या मनातलंच होतं आणि बरोबरही. टॉडलर म्हणजे साधारण एक ते तीन वर्षांचं, नुकतं चालायला-धावायला लागलेलं मूल.

आता झोप आणि खाणं. हँडओव्हरमधलं निम्मं बोलणं यावरच असतं, त्यामुळे इथे वेळ घालवावा.

‘पुट हिम डाउन’ म्हणजे झोपायला ठेवणं. ‘ही वेंट डाउन ॲट वन’ म्हणजे एक वाजता झोपला. पडला नाही, याची खात्री भाचीला पहिल्या दिवसापासून हवी. ‘ही हॅज ड्रॉप्ड हिज मॉर्निंग नॅप’ म्हणजे त्याने सकाळची झोप सोडली, आता तो दुपारीच झोपतो. ‘स्लीप थ्रू’ म्हणजे रात्रभर न उठता झोपणं. ‘सेटल’ हे फार कामाचं क्रियापद आहे. रडायचं थांबून, शांत होऊन जागेवर येणं, मग ते झोपताना असो, नव्या माणसाकडे असो की आई गेल्यावर असो. त्याच्या उलट ‘अनसेटल्ड’, म्हणजे आजारी असेल किंवा काही दुखत-खुपत असेलच असं नाही, पण स्वस्थ नाही. आपण ‘आज जरा किरकिर करतोय’ म्हणतो त्याला ब्रिटनमध्ये ‘ग्रिझली’, अमेरिकेत ‘फसी’ किंवा ‘क्रँकी’. अंगाला चिकटून राहतो, कडेवरून उतरत नाही, तो ‘क्लिंगी’.

तान्ह्या बाळाच्या झोपेबाबत एक गोष्ट शब्दांच्याही पलीकडची आहे. ‘ऑन हिज बॅक’ म्हणजे पाठीवर, ‘ऑन हिज टमी’ म्हणजे पोटावर. झोपवायचं ते नेहमी पाठीवर. ब्रिटनमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली यासाठी ‘बॅक टू स्लीप’ या नावाच्या मोठ्या मोहिमा झाल्या आणि त्यानंतर झोपेतल्या अचानक मृत्यूंचं प्रमाण खूप खाली आलं. अशा मृत्यूला ब्रिटनमध्ये ‘कॉट डेथ’, अमेरिकेत ‘सिड्स’ म्हणतात. ‘टमी टाइम’ हा शब्द ऐकून घोटाळा होऊ देऊ नका. तो बाळ जागं असताना, आपण समोर बसून पोटावर खेळवायचा वेळ आहे.

खाण्यात सगळ्यात गोंधळ ‘वीनिंग’चा. ब्रिटनमध्ये वीनिंग म्हणजे दुधासोबत वरचं अन्न सुरू करणं. अमेरिकेत त्याचा अर्थ बऱ्याचदा अंगावरचं किंवा बाटलीचं दूध सोडवणं असा होतो. अमेरिकी आई ‘वुई आर वीनिंग हर’ म्हणाली तर दूध कमी करायचं आहे, ब्रिटिश आई म्हणाली तर मऊ अन्न भरवायचं आहे. म्हणून ‘डू यू मीन स्टार्टिंग सॉलिड्स?’ हा प्रश्न विचारायला लाजू नये. बाटलीच्या मापातही फरक आहे, अमेरिकी आई ‘फोर आउन्सेस’ म्हणेल, ते साधारण १२० मिली. दूध पाजल्यावर ढेकर काढणं म्हणजे ‘बर्प’. ब्रिटनमध्ये त्यालाच ‘विंड द बेबी’ म्हणतात. चिठ्ठीत ‘विंडेड आफ्टर फीड’ लिहिलेलं असेल तर ढेकर काढली. तेच स्पेलिंग ‘वाइंड डाउन’ असंही वाचतात आणि तेव्हा त्याचा अर्थ झोपेआधी खेळ आवरून मुलाला हळूहळू शांत करणं.

बाळाने गुळणी टाकली आणि बाळाला उलटी झाली यातला फरक आपल्याकडच्या कुठल्याही आजीला कळतो. तो इंग्रजीतही सांगता आला पाहिजे. गुळणीला अमेरिकेत ‘स्पिट अप’, ब्रिटनमध्ये ‘पॉसेट’ म्हणतात, रोज होणारी साधी गोष्ट. उलटी म्हणजे ‘व्हॉमिट’ किंवा ‘थ्रो अप’. ब्रिटनमध्ये ‘ही वॉज सिक’ म्हणजे त्याला उलटी झाली, अमेरिकेत तेच वाक्य ‘तो आजारी होता’ असं ऐकू जातं. आणि ‘लूज मोशन्स’ हा आपल्याकडचा प्रयोग तिकडे कळेलच असं नाही. ‘रनी पू’ किंवा ‘डायरिया’ म्हणावं आणि किती वेळा झालं ते सांगावं. ‘पॉटी’ म्हणजे शी नव्हे, ते शी-शूचं छोटं भांडं.

त्याच ओघात ‘ॲक्सिडेंट’. शी-शूची सवय लावताना मुलाने चड्डीत केलं तर त्याला ॲक्सिडेंट म्हणतात. घरात समोरासमोर हे चालतं. पण ऑफिसात बसलेल्या आईला ‘ही हॅड ॲन ॲक्सिडेंट’ एवढाच मेसेज गेला तर तिचा जीव टांगणीला लागेल. ‘टॉयलेट ॲक्सिडेंट, ऑल चेंज्ड अँड हॅपी’ असं पूर्ण लिहावं. खरंच पडला-झडला असेल तर तो शब्द वापरूच नये. ‘ही बम्प्ड हिज हेड ऑन द टेबल, देअर इज अ स्मॉल बम्प, नो कट, ही क्राइड फॉर अ मिनिट अँड इज प्लेइंग नाऊ’, एवढं सांगितलं की काय लागलं, किती लागलं, आत्ता कसा आहे हे सगळं त्यात आलं. टेंगूळ ‘बम्प’, काळंनिळं ‘ब्रूझ’, खरचटणं ब्रिटनमध्ये ‘ग्रेझ’ आणि अमेरिकेत ‘स्क्रेप’.

घासाच्या बाबतीत ‘गॅगिंग’ आणि ‘चोकिंग’ एक नाहीत. घास मागे गेला की मूल खोकतं, ओकारी काढल्यासारखं करतं, आवाज होतो, ते गॅगिंग. चोकिंगमध्ये श्वासनलिका बंद होते आणि पूर्ण बंद झाली तर मुलाला ओरडताही येत नाही, खोकताही येत नाही. फोनवर मदत मागताना ‘द चाइल्ड इज चोकिंग, ही कान्ट ब्रीद’ हे वाक्य विचार न करता तोंडून आलं पाहिजे. ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिकेत ९११. आधी पत्ता, मग वय, हेही घोकून ठेवावं.

औषधाचं एकच सांगते, कारण त्यात धोका आहे. ब्रिटनमध्ये ज्याला पॅरासिटामॉल म्हणतात त्याचंच अमेरिकेतलं नाव ॲसिटामिनोफेन. घरात दोन नावांच्या दोन बाटल्या असू शकतात आणि औषध एकच असतं. एक दिल्यावर दुसरी दिली तर मात्रा दुप्पट होते. काय दिलं, किती मिली, किती वाजता हे लिहून ठेवायचं, आणि आई-बाबांच्या परवानगीशिवाय द्यायचंच नाही. ताप सेल्सियसमध्ये ३८ म्हणजे फॅरनहाइटमध्ये १००.४, दोन्ही आकडे माहीत असावेत.

ब्रिटिश-अमेरिकी वस्तूंची नावं दोन दिवसांत अंगवळणी पडतात: लंगोटाला नॅपी आणि डायपर, चोखणीला डमी आणि पॅसिफायर, बाळाच्या कठड्याच्या खाटेला कॉट आणि क्रिब, बाबागाडीला पुशचेअर आणि स्ट्रोलर. फक्त कपड्यांत जपावं. ब्रिटनमध्ये ‘पँट्स’ म्हणजे आतली चड्डी आणि ‘व्हेस्ट’ म्हणजे बनियन.

आता मुख्य मुद्दा, हँडओव्हरचं वाक्य कसं करायचं. बहुतेक मुली सुरुवातीला असं बोलतात: ‘ही वॉज व्हेरी नॉटी, ही इज नॉट ईटिंग, ही इज क्राइंग सिन्स मॉर्निंग.’ मनात काही वाईट नसतं, मराठी वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत येतं. पण आईला ऐकू काय जातं? मूल वाईट वागलं, हल्ली जेवतच नाही आणि सकाळपासून अखंड रडतंय. ‘ही इज नॉट ईटिंग’ हे इंग्रजीत काही दिवसांपासून चाललेल्या गोष्टीसारखं वाटतं. एका जेवणाविषयी बोलायचं तर ‘ही डिडन्ट ईट मच ॲट लंच’. अधूनमधून रडला असेल तर ‘ही हॅज बीन क्राइंग ऑन अँड ऑफ सिन्स ब्रेकफस्ट’. त्या ‘ऑन अँड ऑफ’ने आईचा अर्धा घोर कमी होतो.

तेच सगळं नीट सांगितलं तर असं होईल: ‘ही क्राइड व्हेन यू लेफ्ट बट सेटल्ड इन अबाउट टेन मिनिट्स. ही एट हाफ हिज लंच. ही वेंट डाउन ॲट वन अँड स्लेप्ट फॉर फॉर्टी मिनिट्स, सो ही माइट बी टायर्ड धिस इव्हिनिंग.’ यात एकही अवघड शब्द नाही. जे पाहिलं ते आहे, किती आणि केव्हा आहे, आणि संध्याकाळसाठी एक सूचना आहे. मूल कसं आहे याचा निवाडा नाही. मी मुलींकडून आठवडाभर फक्त अशीच वाक्यं करून घेते, आणि ‘गुड’, ‘बॅड’, ‘नॉटी’ हे तीन शब्द तेवढे दिवस बंद ठेवते. शब्द बंद झाले की बघण्याची सवय लागते.

‘नॉटी’ या व्यवसायातले बरेच लोक टाळतात. ‘ॲडमंट’ हा आपला लाडका शब्दही मुलासाठी विचित्र वाटतो, हट्टी असेल तर ‘स्ट्राँग-विल्ड’. हातपाय आपटून रडणं म्हणजे ‘टँट्रम’. शिस्तीविषयी मुलाखतीत विचारतातच. त्यावर ‘आय स्कोल्ड’ हे उत्तर नको. ‘आय स्टे काम, आय सेट क्लिअर बाउंड्रीज, आय ऑफर हिम अ चॉइस’ असं सांगावं आणि तसंच वागावं. चापट मारण्याला ब्रिटनमध्ये ‘स्मॅक’, अमेरिकेत ‘स्पँक’ म्हणतात, आणि दुसऱ्याच्या मुलावर ती कधीच नाही. स्वीडनने १९७९ साली आई-वडिलांनाही मुलांना मारायला कायद्याने बंदी केली, स्कॉटलंडने २०२० मध्ये, वेल्सने २०२२ मध्ये. मुलाने स्वतःहून कोणी त्रास दिल्याचं काही सांगितलं तर त्याला ‘डिस्क्लोजर’ म्हणतात. ते मुलाच्याच शब्दांत लिहून ठेवायचं, आपले शब्द त्यात घालायचे नाहीत.

करार हातात आला की ‘लाइट हाउसवर्क’वर बोट ठेवून विचारायला सांगा. ‘नर्सरी ड्यूटीज’ म्हणजे मुलाचे कपडे, मुलाचा स्वयंपाक, खेळणी, मुलाची खोली. लाइट हाउसवर्क मात्र कुठवरही ताणता येतं. ‘कुड यू टेल मी एक्झॅक्टली व्हॉट दॅट इन्क्लूड्स?’ हा प्रश्न सभ्य आहे आणि चांगलं कुटुंब त्याचं कौतुकच करतं. ‘फ्लेक्सिबल’ शब्द दिसला तर तास आणि जादा तासांचा मोबदला लिहून घ्यावा.

सरावासाठी तुम्हीच आई व्हा. रोज संध्याकाळी तिला फोन करा आणि कुणाचंही मूल दिवसभर पाहिलं असेल त्याचा इंग्रजीत हँडओव्हर द्यायला लावा. दोन मिनिटं पुरे, पण मध्येच प्रश्न विचारा: ‘हाऊ मच?’, ‘व्हॉट टाइम?’, ‘हाऊ इज ही नाऊ?’ ही उत्तरं न अडखळता आली की ती मुलाखतीला तयार आहे.

कुटुंब ब्रिटनचं की अमेरिकेचं आणि मुलांची वयं काय हे तुम्ही लिहिलेलं नाही. वरचं सगळं पाच वर्षांखालच्या मुलांना धरून सांगितलं आहे. मुलं शाळेतली असतील तर यातलं झोपेचं आणि बाटलीचं बाजूला ठेवून ‘ड्रॉप-ऑफ’, ‘पिक-अप’, ‘प्लेडेट’ (ठरवून एकत्र खेळायला जमणं), ‘स्क्रीन टाइम’ आणि मुलाला न्यायला कोण येऊ शकतं यासाठीचं ‘ऑथराइज्ड पर्सन’ इथून सुरुवात करा.